घोड्याचे मूत्रपिंड थकते तेव्हा

घोडा लंगडला तर रस्त्याने जाणाऱ्यालाही ते कळते. त्याच्या पोटात कळ आली तर तो जमीन उकरतो, लोळण घेतो, घामाने डबडबतो, आणि सारा तबेला जागा होतो. मूत्रपिंडाचा आजार मात्र असा गाजावाजा करीत येत नाही. घोडा थोडा सुकतो, तोबऱ्यात थोडी चंदी शिल्लक राहू लागते, अंगावरची तकाकी जाते. आपण म्हणतो, वय झालं असेल, किंवा मोसमात काम जास्त पडलं असेल. आणि ज्या दिवशी रक्ताची तपासणी होते, त्या दिवशी कळते की मूत्रपिंडाचा बराचसा भाग निकामी होऊन चुकला आहे. अशा वेळी मालकाने काय करावे, काय करू नये आणि आशा कुठवर धरावी, याविषयी आपल्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत.

आपल्याकडे घोडा आता पूर्वीइतका दिसत नाही हे खरे. टांगे गेले, मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्यांवरही २०१५ साली उच्च न्यायालयाच्या निकालाने पडदा पडला. तरी माथेरानच्या लाल मातीत, महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवर, लग्नाच्या वरातींत, महालक्ष्मीच्या आणि पुण्याच्या शर्यतींच्या मैदानावर घोडा आहेच. सारंगखेड्याच्या आणि माळेगावच्या यात्रेत हौसेने घोडा घेणारे शेतकरीही आहेत. यांपैकी कुणाचं घोड्यावर पोट आहे, कुणाचा जीव आहे, आणि पुष्कळांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकच आहेत. म्हणून हा विषय केवळ डॉक्टरांचा नाही.

प्रथम हे मूत्रपिंड करते काय ते पाहू. घोड्याला आपल्यासारखीच दोन मूत्रपिंडे असतात. ती पाठीच्या कण्याखाली, शेवटच्या बरगड्यांच्या आसपास असतात. डावे घेवड्याच्या दाण्यासारखे, तर उजवे बदामाच्या आकाराचे, म्हणजे पत्त्यांतल्या बदामासारखे असते. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा या दोन अवयवांकडे जातो. तिथे लक्षावधी सूक्ष्म गाळण्या रक्त गाळतात, शरीरातली घाण लघवीवाटे बाहेर टाकतात आणि पाणी व क्षार जरुरीपुरते परत घेतात. मध्यम बांध्याचा घोडा दिवसाला वीस ते तीस लिटर पाणी पितो आणि पाच ते पंधरा लिटर लघवी करतो. पाणी कमी मिळाले तर निरोगी मूत्रपिंड लघवी घट्ट करून पाणी वाचवते. जास्त मिळाले तर पातळ लघवी करून ते बाहेर टाकते. ही तारेवरची कसरत बिघडली, की आजाराला सुरुवात झाली म्हणून समजावे.

घोड्याची एक खासियत इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे तिचा उपयोग आहे. चाऱ्यात जितका चुना, म्हणजे कॅल्शियम, जास्त, तितका त्याच्या आतड्यातून जास्त शोषला जातो, आणि जादा झालेला चुना लघवीवाटे बाहेर पडतो. म्हणून निरोगी घोड्याची लघवी गढूळ, किंचित पिवळसर आणि बुळबुळीत असते. नवखा माणूस ती पाहून घाबरतो. घाबरण्याचे कारण नाही. उलट लघवी दिवसेंदिवस पाण्यासारखी स्वच्छ दिसू लागली, तर मात्र सावध व्हावे. जमिनीवर पडलेली लघवी काही वेळाने तांबूस दिसते, तीही बहुधा हवेने बदललेली असते. पण घोड्याच्या अंगातून बाहेर पडतानाच लघवी कॉफीसारखी काळपट असेल, तर ती तातडीची गोष्ट आहे. त्याच घटकेला डॉक्टरांना बोलवावे.

आणखी एक समज दूर करायला हवा. घोडा पाय फाकून, पाठ ताणून लघवीला उभा राहतो आणि लघवी होत नाही, असे दिसले की ‘लघवी तुंबली, मूत्रपिंड बिघडलं’ असे पुष्कळ जण ठरवून टाकतात. पोटशूळ झालेला घोडाही असाच ताणून उभा राहतो, आणि बहुतेक वेळा दुखणे आतड्यांचे असते. तसेच कमरेवर हात दाबल्यावर घोडा दबला, तर तो दोष बहुधा स्नायूंचा किंवा खोगिराचा असतो, मूत्रपिंडाचा क्वचित. म्हणून अंदाजाने लघवीची औषधे पाजू नयेत. त्यात पोटशुळावरच्या उपचाराचा मोलाचा वेळ जातो.

मूत्रपिंडाचा बिघाड दोन तऱ्हांचा असतो. एक अचानक होणारा आणि दुसरा हळूहळू होणारा. दोहोंतला फरक नीट समजून घ्यावा, कारण पहिल्यातून घोडा पुरता बरा होऊ शकतो, दुसऱ्यातून होत नाही.

अचानक होणाऱ्या बिघाडाचे मूळ पुष्कळदा पाण्याच्या तुटवड्यात असते. उन्हात कष्टाचे काम करणारा घोडा तासाला दहा लिटरपर्यंत, कधी त्याहूनही अधिक घाम गाळतो. घामाबरोबर मीठ जाते, आणि मीठ गेले की तहानही पुरेशी लागत नाही. त्यामुळे सुकलेला घोडा बादलीपुढे उभा राहूनही पाणी पीत नाही. जोराची हगवण लागली किंवा पोटशूळ झाला, तरी शरीरातले पाणी असेच आटते. रक्त घट्ट होते आणि मूत्रपिंडाला त्याचा पुरवठा कमी पडतो.

अशा वेळी दुखणे मारणारे औषध पोटात गेले तर दुहेरी संकट ओढवते. त्याचे कारण असे. रक्त कमी पडू लागले की मूत्रपिंड आपल्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवण्यासाठी शरीरातलीच काही द्रव्ये वापरते. फिनाइलब्युटाझोन, फ्लुनिक्सिन यांसारखी वेदनाशामके नेमकी तीच द्रव्ये बंद करतात. भरपूर पाणी प्यायलेल्या घोड्याला डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत ही औषधे सहसा बाधत नाहीत. पण मोसम ऐन भरात आहे, घोडा लंगडतो आहे, एक दिवस बसवला तर घरचा खर्च भागत नाही, म्हणून औषधांच्या दुकानातून पुडी आणून रोज द्यायची आणि त्याला चढावर धरायचे, हा प्रकार मूत्रपिंडाचा घात करणारा आहे. दोन वेदनाशामके एकदम दिली तर आणखी वाईट. जेंटामायसिनसारखी काही जंतुनाशक औषधेही सुकलेल्या घोड्याच्या मूत्रपिंडाला इजा करतात. औषध वाईट नाही. मात्रा, मुदत आणि पाणी, या तिन्हींचा हिशेब सुटला की ते वाईट ठरते.

आणखी दोन कारणे लक्षात ठेवावीत. दोन-चार दिवस थानावर बांधलेला आणि दाणा मात्र पुरा खाल्लेला घोडा एकदम कामाला जुंपला, तर त्याचे मांसल स्नायू आखडतात आणि मोडू लागतात. त्या स्नायूंतले रंगद्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडात अडकते. मघाशी सांगितलेली कॉफीच्या रंगाची लघवी ती हीच. अशा घोड्याला एक पाऊलही चालवू नये. दुसरे कारण पावसाळ्यातले. उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोचा जंतू माणसाप्रमाणे घोड्याच्या मूत्रपिंडालाही पोहोचतो. चंदी झाकून ठेवणे, तबेल्यात पाणी तुंबू न देणे आणि आजारी घोड्याची लघवी उपसताना हातमोजे घालणे, एवढी काळजी घोड्याच्या आणि आपल्या, दोघांच्याही हिताची आहे.

अचानक झालेल्या बिघाडावर मुख्य उपाय म्हणजे शिरेतून सलाईन. मात्र माणसाला देतात तशा एक-दोन बाटल्यांनी इथे भागत नाही. तीनशे किलोच्या तट्टाला नुसती रोजची गरज भागवायलाच पंधरा-अठरा लिटर पाणी लागते. तुटवडा भरून काढायचा तो निराळाच. म्हणून असा घोडा शक्यतो रुग्णालयात न्यावा. मुंबईत परळला १८८६ सालापासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. इतर जिल्ह्यांत सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून पुढची वाट कळू शकते. पहिल्या दोन-तीन दिवसांत लघवी नीट सुरू झाली आणि रक्तातली घाण उतरू लागली, तर आशेला जागा आहे. पुरते बरे व्हायला काही आठवडे जातात. तेवढे दिवस घोड्याला विश्रांती हवीच.

आता दुसरा प्रकार, हळूहळू येणारा. समजा, आपली घोडी अठरा वर्षांची आहे. गेल्या दसऱ्यापासून ती वाळते आहे. पाणी मात्र पूर्वीपेक्षा जास्त पिते, आणि थान सतत ओले असते. पोटाखाली हात लावला तर मऊ सूज लागते, बोटाने दाबले की खळगा पडतो. दातांवर कीट चढले आहे, तोंडाला वास येतो, जिभेवर किंवा हिरड्यांवर फोड आहेत. एखादेच लक्षण दिसले तर त्यावरून काही ठरवू नये. पण अशी तीन-चार एकत्र दिसली, तर रक्त आणि लघवी तपासून घ्यावी.

रक्तात क्रिएटिनिन नावाचे द्रव्य मोजतात. निरोगी घोड्याच्या दर १०० मिलिलिटर रक्तात ते साधारण १ ते २ मिलिग्रॅम असते. हा आकडा वाढला, आणि त्याच वेळी लघवी मात्र पातळच राहिली, तर मूत्रपिंडच दुबळे झाले असे ठरते. आकडा वाढला पण लघवी घट्ट आहे, तर दोष बहुधा पाण्याच्या तुटवड्याचा. म्हणून दोन्ही तपासण्या एकाच दिवशी करणे महत्त्वाचे. इथे एक कटू सत्य सांगितले पाहिजे. निसर्गाने मूत्रपिंडाला एवढी ताकद राखीव दिली आहे, की सुमारे तीन चतुर्थांश भाग निकामी होईपर्यंत रक्तातला आकडा फारसा हलत नाही. तेव्हा ‘आधी का नाही कळलं’ म्हणून स्वतःला बोल लावून घेऊ नये. ते कळण्यासारखे नव्हतेच.

मेलेल्या गाळण्या पुन्हा जिवंत होत नाहीत. माणसाला यंत्रावर रक्त धुऊन घेता येते, दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवता येते. घोड्याच्या बाबतीत हे मार्ग व्यवहारात नाहीत. मग उरते काय? उरलेल्या चौथ्या हिश्श्यावर पडणारा बोजा कमी करणे. आणि ते काम डॉक्टरांपेक्षा मालकाच्या आणि मोतद्दाराच्याच हातात जास्त आहे.

पहिली गोष्ट पाण्याची. घोडा फार पाणी पितो आणि थान ओले करतो, म्हणून त्याचे पाणी कमी करणारे लोक आहेत. असे कदापि करू नये. तो पाणी जास्त पितो म्हणूनच तग धरून आहे. दोन बादल्या सदैव भरलेल्या ठेवाव्यात, रोज घासाव्यात, आणि थंडीत पाणी कोमट करून द्यावे. मीठ सरसकट घालू नये. पोटाखाली सूज असेल तर मीठ आणि चाटण्याचा गडा काढून घ्यावा. सूज नसेल तर किती द्यायचे ते रक्तातले क्षार पाहून डॉक्टर सांगतील.

दुसरी गोष्ट चाऱ्याची. लसूणघास हा एरवी घोड्याचा उत्तम चारा. पण त्यात चुना आणि प्रथिने भरपूर असतात, आणि चुना बाहेर टाकणारे मूत्रपिंडच थकलेले असते. मग तो रक्तात साठू लागतो. म्हणून लसूणघास बंद करून साधे हिरवे किंवा वाळलेले गवत द्यावे. एवढ्या बदलानेच रक्तातला वाढलेला चुना पुष्कळदा खाली येतो. हरभऱ्याची भरड आणि पेंड यांचा भार कमी करावा. मात्र प्रथिने अगदीच तोडू नयेत, नाहीतर घोडा अंगचेच मांस जाळू लागतो. अंगात ताकद राहावी म्हणून खाण्याचे तेल चालते. अर्ध्या वाटीपासून सुरुवात करून आठवड्या-दोन आठवड्यांत एक-दोन वाट्यांपर्यंत जावे. पोट बिघडले तर थांबावे.

हे झाले नियम. पण नियमापेक्षा भूक मोठी आहे हेही ध्यानात ठेवा. या आजारात तोंडाची चवच जाते. घोडा ठरवून दिलेला चारा हुंगून तोंड फिरवतो, आणि मनाई केलेल्याकडे मान लांब करतो. अशा वेळी त्याने काहीच न खाण्यापेक्षा आवडीचे थोडे खाल्लेले बरे. ओल्या भरडीत गुळाचा खडा टाका, चारा बदलून बदलून द्या, आणि जमेल तेवढा वेळ त्याला मोकळ्या हरळीवर चरायला सोडा. हातात धरलेले गवत घोडा पुष्कळदा खातो. तेवढा वेळ काढणे हाही उपचारच आहे.

तिसरी गोष्ट औषधांची. घरात उरलेली वेदनाशामकाची पुडी फेकून द्या. कोणताही नवा डॉक्टर आला तर पहिले वाक्य हे सांगा की ‘याची मूत्रपिंडं दुबळी आहेत’. लघवी सुटण्याची औषधे आपल्या मनाने देऊ नका, त्यांनी शरीर आणखी सुकते. आणि कसलेही काढे जबरदस्तीने नळीने किंवा बाटलीने घशात ओतू नका. ते श्वासनळीत गेले तर फुफ्फुसाचा विकार होऊन घोडा मूत्रपिंडाच्या आधीच दगावतो.

चौथी गोष्ट नोंदीची. एक वही घाला. तीत रोजचे पाणी बादल्यांनी मोजून लिहा, चंदी किती उरली ते लिहा, आणि दर आठवड्याला वजन काढा. काटा नसला तरी शिवणाची फीत पुरते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर घ्या, आणि खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी घ्या, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराला घेराने गुणा, मग लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १६० आणि लांबी १४० असेल तर उत्तर साधारण ३०० किलो येते. खऱ्या वजनापेक्षा थोडाफार फरक पडेल, पण महिन्या-दोन महिन्यांत घोडा उतरतो आहे की टिकून आहे हे डोळ्यांपेक्षा फीत खरे सांगते. रोज पाहणाऱ्या डोळ्याला रोजची झीज दिसत नाही.

अशा काळजीने किती दिवस मिळतात? क्रिएटिनिनचा आकडा पाचच्या आत असताना आजार हाती लागला, तर काही घोडे कित्येक महिने, काही तर वर्षेसुद्धा बऱ्यापैकी जगतात. चरतात, उन्हात उभे राहतात, हाकेला कान टवकारतात. त्यांच्याकडून कष्टाचे काम घेऊ नये. हळूहळू फिरवावे, खरारा करावा, सोबतीचा घोडा जवळ ठेवावा. आकडा दहाच्या पुढे गेला आणि भूक मेली, तर मात्र दिवस थोडे आहेत असे समजून चालावे.

इथे सर्वांत अवघड प्रश्न येतो. पुष्कळ माणसे तो शेवटच्या रात्रीवर ढकलतात, आणि मग तो निर्णय घाईत आणि रडारडीत घ्यावा लागतो. माझे सांगणे असे, की घोडा बरा असतानाच घरात बसून काही मर्यादा ठरवाव्यात आणि त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहाव्यात. दोन दिवस सतत खाल्ले नाही तर; बसलेला घोडा आपणहून उठू शकला नाही तर; तोंडातल्या फोडांमुळे पाणी पिणेही दुखू लागले तर; आपण आलो तरी मान उचलेनासा झाला तर. वहीत चांगल्या दिवसांपुढे एक खूण आणि वाईट दिवसांपुढे दुसरी खूण करा. वाईट खुणा जास्त होऊ लागल्या, की घोड्याने आपले उत्तर दिले असे समजा.

डॉक्टरांनी इंजेक्शनाने शांतपणे मरण देणे ही क्रूरता नव्हे. १९६०च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही वेदनांतून सुटका नसलेल्या जनावराला मरण देण्याची तरतूद आहे. श्रद्धेने ज्यांना हे पटत नाही, त्यांनी निदान घोडा थंडीवाऱ्यात, माशांत, कुशीवर तडफडत पडणार नाही एवढी सोय तरी करावी. मऊ गवताचे अंथरूण, सावली, ओले केलेले तोंड आणि ओळखीचा हात, एवढे त्याला शेवटी लागते.

मागाहून करायच्या एका कामाचाही विसर पडू नये. औषधे दिलेल्या घोड्याचे मढे माळावर टाकू नये. मरणासाठी दिलेले औषध मांसात राहते आणि ते खाणारी कुत्री व गिधाडे मरतात. आपल्या देशातली गिधाडे नाहीशी होत गेली तीही जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे, आणि मरताना त्या पक्ष्यांची मूत्रपिंडेच निकामी झाली होती. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तेव्हा विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर, खोल खड्डा खणून घोड्याला पुरावे. जागा आणि खणण्याची सोय आधीच पाहून ठेवावी. सोबतीचा घोडा असेल तर त्याला जवळ येऊन हुंगू द्यावे. त्यानंतर त्याची हाक आणि शोधाशोध पुष्कळदा कमी होते.

आणि ज्यांचे घोडे आज धडधाकट आहेत त्यांना शेवटचे दोन शब्द. कामाच्या दिवसांत दर दोन-तीन तासांनी पाणी दाखवा. घाम गाळणाऱ्या घोड्याच्या चंदीत रोज पंचवीस-तीस ग्रॅम मीठ घाला. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा, ती लगेच सपाट झाली पाहिजे. हिरडी बोटाने दाबून सोडा, दोन सेकंदांत रंग परत आला पाहिजे. लंगडणाऱ्या घोड्याला पुडी देऊन चालवण्याऐवजी नालबंदाला पाय दाखवा आणि आठ दिवस विश्रांती द्या. आठ दिवसांची कमाई बुडते हे खरे, आणि ज्याचे हातावर पोट आहे त्याला ती जड जाते हेही खरे. पण मूत्रपिंड गेले तर पुढची सारी वर्षे बुडतात. वर्षातून एकदा रक्त तपासून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. घोडा आपले दुखणे बोलून दाखवू शकत नाही. त्याची बादली, त्याचा तोबरा आणि त्याचे थान मात्र रोज बोलत असतात. ते रोज पाहत जा.